बाईंकडे आलेली प्रत

मी एका कादंबरीची जुनी प्रत आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे पाठ वाकलेली, कोपरे गोल झालेले, पानांना चहाचा रंग चढलेला. पण म्हातारपणाचं कौतुक काय सांगायचं. माझ्या वयाची पुस्तकं कुठल्याही कपाटात मिळतील. माझ्यासारखी मात्र मी एकटीच. माझी पानं चुकीच्या क्रमाने शिवली गेली आहेत. आणि त्या चुकीपायी एका मोठ्या समीक्षक बाईंचं नाव एकदा पणाला लागलं होतं. ती गोष्ट मीच सांगायला हवी, कारण बाकीच्यांना ती अर्धीच ठाऊक आहे.

समीक्षक म्हणजे कोण, हे तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल. पुस्तक वाचून त्यात काय साधलं, काय फसलं आणि का, हे जो नीट विचार करून लोकांना सांगतो, तो समीक्षक. ऐकायला सोपं वाटतं. पण आज एखाद्याच्या कवितेत दम नाही असं लिहायचं, आणि उद्या समारंभात त्याच कवीच्या शेजारी बसून त्याच्याकडेच मीठ मागायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. बाईंना ते जमायचं. मीठही मिळायचं.

आधी माझा जन्म सांगते. एका अरुंद गल्लीत पुस्तकं बांधण्याचा कारखाना होता. छापखान्यातून मोठाले कागद तिथे यायचे. ते घड्या घालून दुमडले की सोळा पानांची गड्डी व्हायची. तिला फर्मा म्हणतात. सगळे फर्मे क्रमाने एकावर एक रचायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. जागा कमी म्हणून फर्म्यांचे ढीग टेबलावर दोन रांगांत मांडलेले असत, आणि दोन मावश्या टेबलाभोवती चालत एकेक फर्मा उचलत जात. हात इतके बसलेले, की तोंड गप्पांना मोकळं.

"शेजारीण आमची शिडी घेऊन गेली, ती गेलीच," एक मावशी म्हणाली.

"मग मागायची."

"मागितली ना. म्हणते, कुठली शिडी?"

दुसरी मावशी एवढी हसली, की तिसऱ्या फर्म्याऐवजी समोरच्या रांगेतला शेवटचा तिच्या हातात आला. फेरी पुरी होताना शेवटच्याच्या जागी तिसरा आला. चळत पुरी झाली, आकार बरोबर, वजन बरोबर. ती चळत म्हणजे मी. एका उसन्या शिडीने माझं नशीब ठरवलं, असं मी नेहमी म्हणते.

तुम्ही विचाराल, पानांवरच्या आकड्यांवरून चूक कळली कशी नाही? तर माझ्या पानांना आकडेच नाहीत. लेखकाची तशी इच्छा होती. वाचणाऱ्याने अजून किती उरलंय हे बघत वाचू नये, असं त्याचं म्हणणं. शिवाय प्रत्येक पानावर एकच प्रसंग. तो त्या पानावर सुरू होतो आणि तिथेच संपतो. वाक्य अर्धवट तुटायचा प्रश्नच नाही. कादंबरी एका काचकाम करणाऱ्या माणसाची होती. तो लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा, आणि त्याचा मुलगा आपल्या बापाविषयी सांगायचा. माझ्या हजार बहिणींमध्ये ही गोष्ट सरळ चालते. मुलगा मोठा होतो, बाप थकतो, आणि शेवटच्या फर्म्यात बाप जातो. माझ्यात बाप तिसऱ्याच फर्म्यात जातो. पुढचं पान उलटलं, की तोच बाप ताजातवाना, काचेवरची धूळ फुंकत बसलेला.

अशी मी बाईंकडे परीक्षणासाठी रवाना झाले. हजारातली नेमकी मीच.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या आणि चौथीला खिडकी. खिडकीखाली शिंपी, कुलपं दुरुस्त करणारा आणि दिवसभर शिट्ट्या मारणारा एक वाहतूक पोलीस. बाईंनी मला पाकिटातून काढलं, आणि पहिलं काम काय केलं असेल? माझं रंगीत वेष्टण उतरवलं आणि न वाचताच कपाटाच्या खणात टाकून दिलं. त्या खणात शेकडो वेष्टणं होती. वेष्टणावर गोष्टीचा सारांश असतो, चार मोठ्या लोकांची स्तुती असते. बाईंना ते डोळ्यांसमोर नको असायचं. पुस्तकावर लिहून होईपर्यंत त्या त्याच्याविषयी कुणाशी बोलत नसत, कुणाचं मत ऐकत नसत. "दुसऱ्याच्या चष्म्यातून मला दिसत नाही," असं त्या म्हणत. सगळ्या शहराला त्यांच्या या पद्धतीचा आदर होता.

त्यांची आधीची हकिकत मला शेजारच्या जाड पुस्तकांनी सांगितली. बाई तरुणपणी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होत्या, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या. दर आठवड्याला पुस्तकांवर लिहिणारे म्हातारे गृहस्थ एकदा आजारी पडले. जागा रिकामी राहणार म्हणून संपादक डोक्याला हात लावून बसले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मी लिहून देते. नाही आवडलं तर चुका मीच शोधेन." त्या आठवड्यापासून ते सदर त्यांचं झालं. मग व्याख्यानं आली, आकाशवाणीवरची भाषणं आली. महाविद्यालयातली मुलं त्यांची वाक्यं पाठ करू लागली. नवा लेखक पुस्तक छापून झालं की आईच्या पाया पडायचा आणि मग विचारायचा, "बाईंनी वाचलं का?"

आणि त्या नुसत्या पुस्तकांतच रमल्या नाहीत. एकदा एक नाटक काही लोकांनी दमदाटी करून बंद पाडलं. बाईंनी त्या नाटकाची आधीच चांगली खरडपट्टी काढलेली. दमदाटी करणाऱ्यांनी तोच लेख पुढे केला. बाई थेट नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन उभ्या राहिल्या. "नाटक वाईट आहे, असं मी लिहिलं. ते बघायला मिळू नये, असं कुठे लिहिलंय ते दाखवा," त्या म्हणाल्या. कुणाला दाखवता आलं नाही. नाटक सुरू झालं. बाईंनी पुन्हा तिकीट काढून ते पाहिलं, आणि पुन्हा वाईटच आहे असं लिहिलं.

तर अशा बाईंनी मला वाचलं. खिडकीशी बसून, पेन्सिल कानामागे खोचून. तिसऱ्या फर्म्यात बाप गेला तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या पानावर तो पुन्हा दिसला तेव्हा त्या उठून खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मित्रांनो, माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. मी जगातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, असं मला त्या दुपारी वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

त्यांचा लेख गाजला. 'मरण हा या कादंबरीचा शेवट नाही. ते मध्येच येऊन गेलेलं आहे, आणि माणूस मागे उरला आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. आपल्याला आपली माणसं अशीच आठवतात, आधी गेलेली आणि मग हसणारी, असंही लिहिलं होतं. लेख वाचून लोकांनी दुकानात रांग लावली. माझ्या बहिणी भराभर खपल्या.

आता गंमत ऐका. लोकांनी माझ्या बहिणी वाचल्या. त्यात तर सगळं सरळ. पण बाईंनी लिहिलंय म्हणजे असणारच. आपल्यालाच दिसत नसेल, असं म्हणून प्रत्येक जण गप्प बसला. काही जण तर गप्पही बसले नाहीत. एका प्राध्यापकांनी 'काळाची मोडतोड' या नावाचा लांबलचक लेख लिहिला. एका मासिकाने चर्चा ठेवली. चर्चेत सगळ्यांना मोडतोड दिसली.

दिसली नाही ती फक्त छोटीला.

छोटी म्हणजे बाईंची धाकटी नणंद. वय चाळिशीला आलं तरी घरात तिला छोटीच म्हणत. ती शहराच्या तरणतलावावर लोकांना पोहायला शिकवायची, त्यामुळे तिच्या केसांना कायम त्या पाण्यातल्या औषधाचा वास. आवाज मोठा, कारण तलावाच्या काठावरून ओरडायची सवय. एका रविवारी सकाळी ती वाचनालयातली प्रत काखेत मारून आली आणि बाईंच्या समोर बसली. बाईंचे यजमान, म्हणजे छोटीचे दादा, कोपऱ्यात बूट पुसत होते.

"वहिनी, तुझं ते पुस्तक वाचलं. रडले."

"बरं झालं. म्हणजे चांगलं आहे."

"पण तुझा लेख काही डोक्यात शिरला नाही. तू म्हणतेस, बाप मेल्यावर परत येतो. कुठे येतो?"

"पानोपानी येतो. सुरुवातीलाच जातो आणि त्यापुढे..."

"सुरुवातीला तो चांगला ठणठणीत आहे. जातो तो अगदी शेवटी. गेला की पुस्तक खलास."

बाईंनी चष्मा काढला. "छोटे, तू नीट वाचलेलं नाहीस."

"हो, पाण्याखाली बसून वाचलं ना मी."

"टवाळी पुरे. शेवटचं पान कुठलं, सांग बघू."

"दवाखाना. खिडकीची काच तडकलेली असते. बाप गेलेला असतो, आणि मुलगा खिशातनं पट्टी काढून त्या काचेचं माप घ्यायला लागतो. ते विसरेन का मी?"

"ते शेवटचं पान नाहीच."

"माझ्या पुस्तकात आहे."

"अगं, पुस्तक काय तुझं वेगळं आणि माझं वेगळं?"

दादांनी बूट खाली ठेवला. "दोन्ही शेजारी ठेवून उघडा की. सकाळपासून पोटात काही नाही, आणि तुमचं चाललंय."

बाईंनी मला उघडलं आणि शेजारी माझ्या बहिणीला. पहिला फर्मा सारखा. दुसरा सारखा. तिसऱ्याला बाईंचं बोट थांबलं. मग त्यांनी घाईघाईने शेवट पाहिला. पुन्हा तिसरा पाहिला. आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या.

छोटीला आधी हसू आलं होतं, ते तिने आवरलं.

"वहिनी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज लहान होता, "तुझ्या या प्रतीचं कुणालाच माहीत नाही. मी नाही हं सांगणार कुणाला."

"ते लेख लिहिणारे प्राध्यापकही नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "तेच तर वाईट आहे."

त्यांनी प्रकाशकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी प्रकाशक लेखकाला घेऊनच आले. प्रकाशक गोल चेहऱ्याचे, हसतमुख. लेखक सडपातळ, पंचविशीतला. त्याच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. वडिलांचं काचकाम आता तोच करायचा. प्रकाशकांनी मला हातात घेतलं, उलटून पालटून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आणखीच खुलला.

"बाई, हे तर घबाडच हाती लागलं. दुसरी आवृत्ती छापायला जायचीच आहे. ती या क्रमाने काढू. पहिल्या आवृत्तीत बांधणाऱ्यांनी घोळ घातला, असं जाहीर करू. तुमच्या लेखाला धक्का नाही, पुस्तकाची पुन्हा चर्चा. फक्त तुम्ही दोन पानांची प्रस्तावना द्या."

"म्हणजे हजार बरोबर प्रती चूक ठरवायच्या आणि चुकलेली एक बरोबर?"

"हा क्रम थोर आहे, असं आम्ही नाही म्हटलं. तुम्ही म्हटलंत."

बाई लेखकाकडे वळल्या. "तुम्हाला चालेल हे?"

"चालेल की," तो म्हणाला. "तुम्हाला त्यात एवढं दिसलं, म्हणजे असेल. मला कुठे काय कळतं? मी आपलं घडलं तसं लिहिलं."

"कसं घडलं?"

तो बोटावरची पट्टी दाबत राहिला. मग म्हणाला, "ते शेवटी गेले, बाई. मी जवळ होतो. ते गेले आणि मला पुढे काही लिहिताच आलं नाही. म्हणून पुस्तक तिथे थांबलं."

"अरे, पण तू हो म्हणालास ना काल?" प्रकाशकांनी विचारलं.

"म्हणालो ना. आताही हो म्हणतोय."

त्याने हो म्हटलं, पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. दुसऱ्याच्या घरी आपली वस्तू दिसावी आणि मागता येऊ नये, तसा बसला होता. हे बाईंनी पाहिलं, आणि मीही पाहिलं. गप्प राहायचं म्हटलं तर बाईंना फार काही करायचं नव्हतं. प्रस्तावना द्यायची आणि मोकळं व्हायचं. त्यांचं नाव अभंग राहिलं असतं. मीही मूळ प्रत म्हणून काचेच्या कपाटात गेले असते. फक्त या मुलाने आपल्या बापाचा निरोप जसा लिहिला होता, तसा तो पुन्हा कधी छापला गेला नसता. उलट बाईंनी खरं सांगितलं, तर वीस वर्षं ज्यांच्या शब्दावर लोक पुस्तकं विकत घेत आले, त्या बाई एका बांधणीच्या चुकीला कला समजल्या, असं सगळ्या शहराने म्हटलं असतं. आणि मी झाले असते रद्दी.

"प्रस्तावना मी देणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि शनिवारपर्यंत छापायला काही पाठवू नका."

शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं. विषयही ठरलेला, याच कादंबरीचा. बाई मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. सभागृह भरलेलं होतं. मागच्या भिंतीपाशी लोक उभे होते. मोडतोडवाले प्राध्यापक पहिल्या रांगेत, लेखक शेवटच्या. बाईंनी मला एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातात माझ्या बहिणीला.

"मी या कादंबरीवर एक लेख लिहिला," त्यांनी सुरुवात केली. "तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला. तो या कादंबरीवर नव्हता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फर्मा म्हणजे काय इथपासून. कारखान्याला दोष दिला नाही. "हात चुकतो," त्या म्हणाल्या. "पण वेष्टण वाचलं असतं, तर पहिल्या ओळीत मला कळलं असतं. घरात एका माणसाशी बोलले असते, तरी कळलं असतं. मी कुणाचं ऐकत नाही याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानात मी या लेखकाचं पुस्तक वाचलंच नाही. दुसरंच वाचलं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेतले प्राध्यापक उठून उभे राहिले.

"बाई, क्षमा करा, पण काळाची मोडतोड आम्हालाही दिसली होती."

"तुमच्याकडे कुठली प्रत आहे?"

"दुकानातली."

"म्हणजे ही," बाईंनी माझ्या बहिणीला वर धरलं. "मग हिच्यात तुम्हाला ती दिसली कशी, सर?"

सर खाली बसले. आधी मागून एक जण हसला, मग सगळं सभागृह. त्या हसण्यात थोडी लाजही होती, कारण न दिसलेलं दिसलं म्हणणारे तिथे बरेच होते. बाईंनी हसू ओसरू दिलं.

"मला हसा," त्या म्हणाल्या. "पण मग घरी जाऊन हे पुस्तक पुन्हा वाचा, माझा लेख बाजूला ठेवून. ते फार चांगलं आहे. मी आताच वाचलंय." आणि माझ्या बहिणीतलं शेवटचं पान त्यांनी वाचून दाखवलं, दवाखान्याच्या खिडकीचं. त्यानंतर टाळ्या पडल्या नाहीत. शेवटच्या रांगेत लेखकाने मान खाली घातली होती, आणि शेजारची अनोळखी म्हातारी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

दुसरी आवृत्ती त्याच्या क्रमाने निघाली.

बाईंना त्रास झाला नाही, असं नाही. एका वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं: बाई पुस्तक उलटं धरून वाचताहेत आणि म्हणताहेत, 'काय ही प्रतिभा.' काही महिने व्याख्यानाची आमंत्रणं आली नाहीत. एका कवीने आपला संग्रह सुट्या पानांत पाठवला आणि वर लिहिलं, 'क्रम तुम्हीच लावून घ्या.' बाईंनी खरोखर क्रम लावला, संग्रहावर लिहिलं, आणि कुठल्याही क्रमाने वाचला तरी तो फसलेलाच आहे, असं सप्रमाण दाखवलं. लोक पुन्हा सदर वाचायला लागले. खरं तर आधीपेक्षा जास्त. चूक कबूल करणाऱ्या माणसाने 'हे चांगलं आहे' म्हटलं, तर ते खरंच असेल, असं त्यांना वाटू लागलं असावं.

व्यंगचित्र बाईंनी कापून माझ्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं. अजून तिथे आहे. "माझा पहिला लेख मात्र चांगला होता," त्या छोटीला म्हणाल्या. "पुस्तक तेवढं लिहिलं गेलं नव्हतं."

पद्धत बदलली ती एकच. त्यानंतर बाई ज्या पुस्तकावर लिहायच्या, ते छोटीही वाचायची, वेगळ्या प्रतीतून. मग दोघी भांडायच्या. मी कपाटातून ऐकायची.

"यातली सासू खोटी आहे," छोटी म्हणायची.

"का खोटी?"

"कुणी एवढं वेळेवर रडतं का?"

लेखात मग ते वाक्य वेगळ्या, भारदस्त शब्दांत यायचं, आणि छोटी म्हणायची, "हे मी म्हटलं होतं. माझं नाव टाक." बाई कधी टाकत नसत. मरेपर्यंत टाकणार नाही, असं म्हणायच्या, आणि एकदा आकाशवाणीवर बोलताना सगळं श्रेय तिला देऊन मोकळ्या झाल्या.

वर्षं गेली. नवी पुस्तकं येत गेली आणि मी मागच्या रांगेत गेले, तिथून कपाटाच्या माथ्यावर, प्रवासाच्या पिशव्यांखाली. कुणी मला उघडेना. कसर लागली, कोपरे झिजले, दोरा सैल झाला. मला वाईट वाटायचं, पण मी स्वतःला कमी लेखलं नाही. मी काय आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं. दादा गेले, त्या वर्षी घरात फारसं कुणी काही वाचलं नाही. मग बाईंचे डोळे थकले आणि त्यांनी पुस्तकं वाचनालयाला द्यायचं ठरवलं. छोटी, आता साठीची, माझ्यावरची धूळ झटकून म्हणाली, "ही तर अगदीच खिळखिळी झालीय. काढून टाकू?"

"तिला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

पुस्तकं हलताहेत हे कळल्यावर लेखक भेटायला आला. त्याची आणखी काही पुस्तकं झाली होती, केस पांढरे झाले होते, आणि बोटाला अजून चिकटपट्टी होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "बाई, ती प्रत आहे का हो अजून? मी ती कधी वाचलीच नाही."

"घरी न्यायची नाही. इथे बसून वाचा."

तो खिडकीशी बसला आणि मला मांडीवर घेतलं. तिसऱ्या फर्म्यात त्याचे वडील गेले. तो पान उलटायला थोडा थांबला. उलटलं, तर वडील समोर. दिसेल त्याला हटकणारे, काच वाहताना शिट्टी वाजवणारे. तो वाचत गेला तसे वडील थकत गेले, आणि शेवटच्या फर्म्यात एकदम पुन्हा तरुण झाले. माझं शेवटचं पान उन्हाळ्यातल्या एका दुपारचं आहे. वडील एक मोठी काच रस्ता ओलांडून नेताहेत, आणि पहिल्यांदाच तिचं दुसरं टोक ते मुलाच्या हाती देतात. 'धरलंस?' ते विचारतात. 'धरलं,' मुलगा म्हणतो. तिथे मी संपते.

त्याने मला मिटलं, पण मांडीवरून उचललं नाही. स्वयंपाकघरातून छोटीने विचारलं, "चहा टाकू का?" कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तिने टाकलाच.

"बाई, तुमचा पहिला लेख मला तेव्हा पटला नव्हता," तो शेवटी म्हणाला.

"आणि आता?"

"आता पटतोय. पण छापलं नाही ते बरं केलंत. लोकांसाठी ते शेवटीच गेलेले बरे. हे एवढं..." त्याने माझ्यावर हात ठेवला, "हे एवढं माझ्यापुरतं राहू दे."

बाईंनी मला त्याला देऊन टाकलं. घरी न्यायची नाही, असं म्हटल्याचं त्यांना आठवलं नसावं. किंवा चांगलंच आठवलं असेल.

आता मी त्याच्या दुकानात असते, मोजमापाच्या पट्ट्यांच्या वरच्या फळीवर. माझी शिलाई सुटत आली आहे. कधीतरी मी तुमच्यापैकी कुणाच्या हाती येईन. मला हळू उघडा, पाठीवर दाब देऊ नका. पुन्हा शिवायला दिलंत, तर मला सुधारायला जाऊ नका. आहे याच क्रमाने शिवा. आणि मित्रांनो, कुठलंही पुस्तक वाचून झालं, की त्यात तुम्हाला काय दिसलं ते कुणाला तरी सांगा. समोरचा म्हणाला, 'असं यात कुठे आहे?', तर रागावू नका. त्याची प्रत मागून घ्या.